लेकीच्या कुड्या ऑनलाइन घ्याव्यात का?

धायरीच्या एका ताईंनी विचारलंय: 'आरडीचे १,८०,००० रुपये हातात आलेत. फेब्रुवारीत मुलीचं लग्न आहे. सात-सात हिऱ्यांच्या कुड्या ऑनलाइन १,६५,००० ला मिळताहेत, लक्ष्मी रस्त्यावर तशाच १,९०,००० सांगितल्या. हिरा आहे, तिला अडीअडचणीला उपयोगी पडेल. घेऊ का?' घरखर्च महिन्याला ४५,००० आणि बचत खात्यात ६०,००० आहेत, असंही त्यांनी कळवलंय.

ताई, कुड्या घ्या, पण अडीअडचणीचा हिशेब त्यांच्यावर टाकू नका. सोनेतारणावर कर्ज देताना बँक खडे वजा करून फक्त सोनं धरते. मोडायला गेलात तरी एवढ्या बारीक हिऱ्यांना भाव मिळणं अवघडच. मुलीच्या हाताशी काही असावं असं वाटत असेल, तर तिच्या नावावर थोडी मुदत ठेव करा.

आता वजनाचं बघा, कारण घोळ इथेच होतो. तुम्ही पाठवलेल्या माहितीत 'हिरे १ कॅरेट' आहे. हे चौदाही हिऱ्यांचं मिळून वजन. म्हणजे एकेक हिरा साधारण सात सेंटचा (सेंट म्हणजे कॅरेटचा शंभरावा भाग). एक कॅरेटचा एकच हिरा आणि एक कॅरेट भरतील इतके बारीक हिरे यांच्या किमतीत फार मोठं अंतर असतं, त्यामुळे बाहेर ऐकलेला 'कॅरेटचा भाव' इथे लावू नका. एक कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम. एकूण वजन ८.२ ग्रॅम लिहिलंय, म्हणजे सोनं ८ ग्रॅम, तेही १८ कॅरेटचं (सोन्यात कॅरेट म्हणजे वजन नव्हे, शुद्धता; २४ पैकी १८ भाग), म्हणजे शुद्ध सोनं ६ ग्रॅम. आजच्या भावाने त्याची किंमत काढा, बाकीचे पैसे हिरे, घडणावळ आणि कर यांचे. दोन्हीकडून हे आकडे वेगवेगळे मागा. २५,००० चा फरक कशातून येतो ते तेव्हाच कळेल. एकाच्या भावात ३ टक्के जीएसटी धरलेला नसेल, तर १,६५,००० वर ४,९५० आणखी जातील.

हिरे नैसर्गिक की प्रयोगशाळेत बनवलेले, हे बिलावर स्पष्ट लिहून घ्या. प्रयोगशाळेतला हिराही हिराच, पण खूप स्वस्त. आणि दुकानातल्या साध्या टेस्टरवर दोन्ही 'हिरा'च दाखवतात, म्हणून आयजीआयसारख्या हिरे तपासणाऱ्या प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र हवं. बारीक हिऱ्यांचं प्रमाणपत्र बहुधा अख्ख्या दागिन्याचं मिळतं, प्रत्येक खड्याचं नाही. ते चालेल. सोन्यावरचा सहा अक्षर-अंकी एचयूआयडी, म्हणजे हॉलमार्कचा क्रमांक, बीआयएस केअर ॲपवर तपासा.

खरी काळजी मला तुमच्या ६०,००० ची वाटते. दीड महिन्याचाही खर्च त्यात निघत नाही, आणि लग्नात न ठरलेले खर्च निघतातच. कुड्यांना एक लाखाची मर्यादा घाला. हिरे थोडे लहान येतील, पण घाट तोच राहील. उरलेले ८०,००० मुदत ठेवीत टाका आणि लग्नापर्यंत हात लावू नका.

या मर्यादेत ऑनलाइन भाव खरंच कमी पडला तर तिथून घ्यायला माझी हरकत नाही. मात्र परत घेण्याची मुदत आणि परताव्यात किती कापतात ते आधी वाचा. 'आजीवन बदली'त दुसरा दागिना मिळतो, रोख पैसे नाहीत. पाकीट उघडताना व्हिडिओ काढा आणि मुदत संपायच्या आत ओळखीच्या सराफाकडून वजन करून घ्या. काही बिनसलंच तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. विक्रेता कुठल्याही गावचा असला तरी ग्राहक आयोगाकडे तक्रार पुण्यातच करता येते.