पंचेचाळीस फुटांचं दार आणि डाकोटा

प्रश्न : गावाबाहेर जुनी धावपट्टी आहे, पोरं तिथं मोटारसायकल शिकतात. कडेला विमानाची पत्र्याची शेड आहे, दार पंचेचाळीस फुटांचं. आजोबा सांगायचे, लढाईच्या काळात तिच्यात डाकोटा विमान ठेवायचे. शेजारचे काका म्हणतात, शेड कोयना धरणाच्या वेळची. आता ती भंगारात काढणार अशी कुजबुज आहे. आम्ही वर्गणी काढून ती रंगवणार आहोत. कोणता रंग घ्यावा? – एक वाचक, तासगाव तालुका

उत्तर : रंगाचा डबा तूर्त दुकानातच राहू द्या.

डाकोटाचे पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत ९५ फूट. तुमच्या दारातून ते आत जाणं नाही. टायगर मॉथसारखं तिसेक फुटी विमान मात्र आरामात जाईल. आजोबांनी डाकोटा पट्टीवर उभं पाहिलं असेल, त्यांना खोटं पाडू नका.

काकांचं म्हणणं एकदम उडवून लावण्यासारखं नाही. कोयनेच्या कामासाठी बांधकाम खात्यानं १९५५ साली कराडला धावपट्टी केलीच होती. पण तुमच्या शेडचं वय शेडलाच विचारावं. मी उभी नोकरी बांधकाम खात्यात काढली. अशा शेडमध्ये गेलो की पत्र्याकडे नव्हे, कैच्यांकडे, म्हणजे छपर तोलणाऱ्या त्रिकोणी सांगाड्यांकडे बघतो. सांध्यांना रिव्हेट आहेत की वेल्डिंग? रिव्हेट म्हणजे बहुधा जुनं काम, वेल्डिंग म्हणजे नंतरचं. खांबाच्या पोटावर घासलेटचा बोळा फिरवा, कारखान्याची उठावदार अक्षरं सापडतील. ‘टाटा’ असेल तर लोखंड १९१२ च्या आधीचं नाही, एवढं नक्की. मग रिकामी भोकं शोधा. बोल्ट नसलेली, कशालाच न जुळणारी भोकं दिसली, तर ही शेड आधी दुसरीकडे उभी असावी. लढाई संपल्यावर सैन्याच्या कितीतरी शेडी लिलावात गेल्या आणि बोल्ट सोडवून दुसऱ्या गावी उभ्या राहिल्या. म्हणजे डाकोटा सोडला, तर शेडच्या वयापुरते आजोबा आणि काका दोघंही बरोबर निघायचे!

आता भंगाराचं. सरकारी इमारत पाडायची तर आधी निर्लेखनाचा, म्हणजे ती निकामी ठरवून दप्तरातून कमी करण्याचा, प्रस्ताव मंजूर व्हावा लागतो. सातबारा आणि फेरफार काढून जागा कोणाची ते बघा. त्या कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज टाका : निर्लेखनाचा प्रस्ताव आहे का, आणि बांधकामाच्या वेळची मोजमाप पुस्तिका व नकाशे मिळतील का. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. पुरातत्त्वाच्या केंद्रीय कायद्याच्या मागे लागू नका, त्याला वास्तू शंभर वर्षांची लागते. १९६६ च्या नगररचना कायद्यात मात्र ऐतिहासिक वास्तू जपण्याची तरतूद विकास आराखड्यात करता येते. आराखड्यावर हरकती-सूचना मागवतील तेव्हा फोटो आणि मापं जोडून लेखी द्या. तोंडी सांगितलेलं फायलीला लागत नाही.

हातानं काही करायचंच असेल, तर जागेच्या मालकाची लेखी परवानगी घेऊन खांबांच्या पायाशी साचलेली माती ओढून काढा. लोखंड तिथंच आधी खातं. दाराच्या खालच्या रुळातलीही माती काढा. जुना रंग कोरडा खरवडू नका, त्यात शिसं असू शकतं. छपराला करडे, जाड सिमेंटचे पत्रे असतील तर त्यांना भोक पाडणं, घासणं पूर्ण बंद. ते बहुधा ॲस्बेस्टॉसचे असतात. साधा पत्रा गेला तर नवा मिळतो. कैच्या आणि दार गेलं, की तिथं नुसता मांडव उरेल.

रंग पावसाळा सरल्यावर, आणि त्याआधी प्रायमरचा हात. तोवर भोकांचे फोटो पाठवा.