घरामागे मुलांसाठी टर्फ टाकायचं आहे, कुठून सुरुवात करू?

तुम्ही विचारलंय की घरामागे साधारण १२ बाय ७ मीटरची मातीची जागा आहे, मुलांना खेळायला तिथे टर्फ, म्हणजे कृत्रिम गवत, टाकायचं आहे, तर कोणतं गवत घ्यावं आणि हे काम स्वतः करता येईल का. आमच्या परसात असं कोर्ट आहे. ते एकदा घातलं, उखडलं आणि पुन्हा घातलं. म्हणून कळकळीने सांगतो, गवताचे नमुने सध्या बाजूला ठेवा. आधी जमीन बघा.

आमचं कोर्ट सुरुवातीला देखणं दिसत होतं. पहिल्या मोठ्या पावसानंतर एका बाजूला पाय ठेवला की पचपच व्हायचं. चेंडू तिथे पडला की उसळायचाच नाही. महिन्याभरात तिथे वीतभर रुंदीचा खोलगट पट्टा तयार झाला. शेवटी गवत उचललं, तेव्हा खाली जुन्या पाण्याच्या पाइपची चर निघाली. कंत्राटदाराने ती सैल मातीने बुजवून वर खडी पसरली होती, धुमसून, म्हणजे ठोकून दाबून, घेतलीच नव्हती. पाणी मुरलं तशी माती बसली, तिच्यामागोमाग खडी बसली. गवताला स्वतःचा आकार नसतो, खाली जे असेल तेच वर दिसतं. वाळू भरलेल्या गवताचा एक कोपरा उचलताना दोन माणसांना धाप लागत होती. मुलांचा खेळायचा अख्खा मोसम त्यात गेला, याचं मला अजून वाईट वाटतं.

तेव्हा खोदाईच्या आधी जमिनीखालचे पाइप, चेंबर आणि झाडांची मुळं कुठून जातात ते शोधून खुणा करा. चेंबरवर गवत चिकटवून टाकू नका, झाकण उघडता आलं पाहिजे. वरची मऊ, काळी माती १५ सेंटिमीटरपर्यंत काढावी लागते. तळ धुमसून झाला की त्यावर जिओटेक्सटाइलचं कापड अंथरा, म्हणजे माती वर येऊन खडीत मिसळत नाही. मग खडी. ती एकदम ओतायची नाही. ५ ते ७ सेंटिमीटरचा थर, थोडं पाणी, त्यावर प्लेट कॉम्पॅक्टर (खडी ठोकून दाबणारं यंत्र), मग पुढचा थर. सगळ्यात वर बारीक कच (दगडाचा चुरा), २-३ सेंटिमीटर. कडेने काँक्रीटची किनार आधीच करून घ्या, नाहीतर कडा पसरतात.

ढाळ मीटरला १ सेंटिमीटर पुरतो. तुमच्या ७ मीटर रुंदीत म्हणजे एका बाजूपासून दुसरीपर्यंत ७ सेंटिमीटर. खेळताना तो जाणवत नाही, पण पाणी निघून जातं. ढाळ घराच्या भिंतीकडे नको, हे सांगायलाच हवं. नजरेवर विसंबू नका. पाणी भरलेली पारदर्शक नळी दोन टोकांना धरून मोजा.

आता गवत. मुलं काय खेळतात त्यावर ते ठरतं. टेनिससारख्या, चेंडूच्या टप्प्यावर चालणाऱ्या खेळांना १० ते २० मिलिमीटरची आखूड, दाट पाती लागतात. फुटबॉलला ४० ते ६० मिलिमीटरची आणि आत भरपूर भराव, म्हणजे पात्यांच्या मधे भरायचे वाळूसारखे दाणे. सगळंच थोडं थोडं खेळणार असतील तर मी आखूडच घेईन. बास्केटबॉल हा मुख्य खेळ असेल तर मात्र टर्फ टाकूच नका, ड्रिबलिंगला चेंडू नीट उसळत नाही. त्याला कठीण पृष्ठभागच हवा. बागेसाठीचं मऊ, लांब पात्यांचं गवत स्वस्त वाटलं तरी खेळाला घेऊ नका, पाती लवकर लोळतात.

सांधा हा खरा कारागिरीचा भाग. सगळ्या रोलची पाती एकाच दिशेला कललेली हवीत. एक रोल उलटा पडला तर तो पट्टा कायम वेगळ्या रंगाचा दिसतो. कापताना गवत पालथं घालून पाठीवरच्या शिवणीच्या टाक्यांच्या दोन ओळींच्या मधून कापायचं. रोल आधी तासदोन तास उन्हात पसरून ठेवले तर वळ्या निघून जातात. सांध्याखाली पट्टी, तिच्यावर गोंद. दोन्ही कडा टेकवताना एकही पातं गोंदात दबलं जाणार नाही हे बोटांनी बघत पुढे जायचं. ओलसर हवेत हे काम करू नका.

भरावाला गोल दाण्याची, धुतलेली, कोरडी सिलिका वाळू घ्या. पातळ थर टाकत कडक ब्रशने आत बसवायची, वर पात्यांची टोकं दोन-तीन मिलिमीटर दिसली की पुरे. जुन्या टायरचे रबरी दाणे मी घरात नको म्हणेन. ते बुटांतून घरभर येतात, पावसाबरोबर गटारात जातात. युरोपियन युनियनने २०२३ च्या नियमानुसार अशा प्लास्टिक-रबराच्या दाण्यांची विक्री ऑक्टोबर २०३१ पासून बंद करायचं ठरवलंय, त्याचं कारण हेच.

दोन गोष्टी फारसं कुणी सांगत नाही. भर दुपारी हे गवत तापून ६० अंशांच्या वर जाऊ शकतं. पाणी मारून थोडा वेळच गार राहतं, त्यामुळे सावलीची सोय बघा आणि लहान मुलांना अनवाणी सोडू नका. दुसरं, समोर उष्णता परतवणाऱ्या काचेच्या खिडक्या असतील तर त्यांवरून परावर्तित होणारं ऊन एका जागी पडून पाती वितळू शकतात.

स्वतः करायचं म्हणाल तर खोदाई, खडी, वाळू हे घरच्यांनी आणि एक-दोन मजुरांनी निभतं, कॉम्पॅक्टर भाड्याने मिळतो. सांधे मात्र जाणत्या माणसाकडूनच करून घ्या. आणि रोल उघडण्याआधी तयार तळावर नळाचा पाइप लावून सगळी जागा चिंब भिजवा. अर्ध्या तासाने उकिडवे बसून कडेने नजर टाका. पाणी कुठे चमकताना दिसलं तर तिथे खूण करा, कच भरून पुन्हा ठोका, पुन्हा भिजवा.