अमेरिकेतल्या जुन्या व्हीट पेनी जमवण्यात काही अर्थ आहे का? विकल्या तर पैसे मिळतात का?

तुमच्या मुलाने न्यू जर्सीत जुनं घर घेतलं, तळघरात आधीच्या मालकाची पेनींनी, म्हणजे एक सेंटच्या नाण्यांनी, भरलेली बरणी निघाली आणि सूनबाई म्हणतायत की बँकेत देऊन टाकू. आधी ते थांबवा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ती नाणी कुणालाही घासू देऊ नका. चिंच नको, लिंबू-मीठ नको आणि पितांबरी तर नकोच नको.

एवढं ठासून सांगतोय, त्याला कारण आहे. अमेरिकेत नवीन आलो तेव्हा मी ताईकडे राहायचो आणि संध्याकाळी एका गॅस स्टेशनच्या दुकानात गल्ल्यावर बसायचो. तिथे एक म्हातारे गृहस्थ दूध-ब्रेड न्यायला येत आणि घरच्या डब्यातली चिल्लर काउंटरवर मोजून देत. लिंकनची पेनी उलटून पाहायची सवय मला त्यांच्यामुळे लागली. १९५९ मध्ये मागच्या बाजूला लिंकन स्मारकाची इमारत आली. त्याआधी, १९०९ ते १९५८, दोन कडांना गव्हाच्या दोन ओंब्या असत, म्हणून ती व्हीट पेनी. ओंबी दिसली की मी खिशातला एक सेंट गल्ल्यात टाकायचो आणि ते नाणं काढून घ्यायचो.

त्यातच एकदा १९२४ची पेनी आली. सालाखाली बारीक ‘डी’, म्हणजे डेन्व्हरची टांकसाळ. त्या वर्षी फिलाडेल्फियाने साडेसात कोटी पेनी पाडल्या, डेन्व्हरने जेमतेम २५ लाख. नाणं झिजलेलं होतं, पण रंग काय सुंदर! गडद चॉकलेटी, लिंकनच्या गालफडावर जरा उजळ आणि अक्षरांच्या कडेला जवळजवळ काळा. हा रंग विकत मिळत नाही आणि लवकर करताही येत नाही. तांबं पाऊणशे वर्षं हवेत आणि माणसांच्या हातांत फिरलं की तो चढतो.

दिवाळीच्या तोंडावर ताईने देवाची भांडी घासायला काढली होती. भाऊजींनी माझा डबा तिच्यासमोर नेऊन ठेवला. हीपण तांब्याचीच, होऊ दे लखलखीत! मी कामावरून आलो तर टॉवेलवर गुलाबी नाणी ओळीने वाळत घातलेली. पुढे नाण्यांच्या एका प्रदर्शनात ती १९२४ची घेऊन गेलो, भाऊजी बरोबर होते. विक्रेत्याने भिंग लावलं, ‘क्लीन्ड’ एवढंच म्हणाला आणि नाणं माझ्याकडे परत सरकवलं. परतताना गाडीत भाऊजी म्हणाले, “बघितलंस? एक सेंट तो शेवटी एक सेंटच.” तेव्हापासून घरात चार पाहुणे जमले की हे वाक्य येतंच.

भाऊजी, तुम्ही हे वाचत असाल तर नीट वाचा. त्या माणसाने चिंच नाकारली, नाणं नाही. आंबट पदार्थाने डाग जातो तसा धातूचा वरचा पातळ थरही जातो, घासल्याचे बारीक ओरखडे उठतात आणि भिंगाखाली ते लगेच कळतं. एरवी त्या झिजलेल्या नाण्यालाही तेव्हा सहज दहा-वीस डॉलर आले असते.

आता तुमच्या बरणीकडे. नव्वद टक्क्यांहून जास्त नाणी साधीच निघतील, विशेषतः चाळीस-पन्नासच्या दशकातली. ती घाऊक भावाने प्रत्येकी काही सेंटला जातात. श्रीमंत व्हायचं म्हणून कुणी व्हीट पेनी जमवत असेल तर त्याने खुशाल बँकेत एफडी करावी. पण १९०९ची ‘एस’वाली, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोची, पाठीमागे तळाशी ‘व्ही. डी. बी.’ अक्षरं असलेली निघाली तर घट्ट धरून ठेवा. ती फक्त ४ लाख ८४ हजार पाडली गेली. १९१४ची ‘डी’ आणि १९३१ची ‘एस’ बघा. १९५५च्या नाण्यावर साल आणि अक्षरं नुसत्या डोळ्यांना दुहेरी दिसली तर तेही वेगळं काढा. ती चुकीची नाणी बरीचशी सिगारेटच्या पाकिटांतून लोकांकडे गेली. मशीनमध्ये २५ सेंट टाकायचे, पाकीट २३ सेंटचं, वरचे दोन सेंट कागदाच्या आतच ठेवलेले.

१९४३च्या पेनीला लाखो डॉलर मिळतात, असे जे व्हिडिओ तुम्ही पाहिलेत त्यांनी लोकांची डोकी फिरवली आहेत. त्या वर्षी तांबं युद्धाला लागत होतं म्हणून पेनी जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाची केली, आणि तशी शंभर कोटींहून जास्त पाडली. लाखमोलाची असतात ती चुकून जुन्या तांब्याच्या चकतीवर पडलेली मोजकी नाणी. तुमचं तांबूस दिसत असेल तर लोहचुंबक लावा. चिकटलं तर पोलादावर तांबं चढवलेलं आहे, विषय संपला. नाही चिकटलं तरी ‘३’चा आकार नीट बघा, कारण १९४८चा ‘८’ कोरून ‘३’ करणारे महाभाग खूप झालेत.

मला विचाराल तर जमवण्यातली गंमत किमतीत नाहीच. हे नाणं घडवणारा व्हिक्टर डेव्हिड ब्रेनर लिथुआनियातून आलेला स्थलांतरित. त्याची ‘व्ही. डी. बी.’ ही आद्याक्षरं फार ठळक आहेत म्हणून ओरड झाली आणि काही दिवसांतच ती काढून टाकली. १९१८ मध्ये परत आली ती लिंकनच्या खांद्याच्या कडेला, अगदी बारीक. भिंग घेऊन ती शोधताना मला जे वाटतं ते परदेशात राहणाऱ्या माणसाला वेगळं सांगायला नको. मुलाला सांगा, एका रविवारी नातवंडांना घेऊन बरणी टेबलावर ओता आणि साल व टांकसाळीप्रमाणे गठ्ठे लावा. नाणं कडेने धरायचं, बोटं त्याच्या सपाट बाजूंवर ठेवायची नाहीत.

नोव्हेंबर २०२५ मध्ये चलनातली पेनी पाडणं बंद झालं म्हणून भाव कडाडतील, या आशेवर राहू नका. देशात पेनींचे डोंगर पडून आहेत. तांब्यासाठी वितळवायचा विचारही नको, कायद्याने बंदी आहे.

आणि हो, १९०९ची ‘एस’ सापडलीच तर लगेच विकू नका. साध्या नाण्यावर ‘एस’ चिकटवून फसवणारे आहेत आणि दुकानदार तुमच्याकडेही त्याच संशयाने बघेल. आधी नाणी तपासणाऱ्या संस्थेकडे पाठवून ते खरं असल्याचं प्रमाणित करून घ्या. त्याची फी डॉलरांत बरीच असते, म्हणून ओंबी दिसली की पाठवलं, असं करू नका.