वाफसा वरून दिसत नाही

पेरणी जवळ आली की मशागतीबद्दल तीच पत्रे पुन्हा येतात. त्यांतली पाच इथे घेतली आहेत.

नांगरट दरवर्षी करायलाच हवी का?

नाही. आधी खणून पाहा, खाली कडक थर लागला तरच विचार करा.

पाऊस उघडून दोन दिवस झाले, वरची माती सुकली आहे. पेरणी लांबते आहे. रोटाव्हेटर घालू का?

वरच्या दोन बोटांवर जाऊ नका. अवजाराचे पाते जिथवर पोचणार, तिथली मूठभर माती काढून तळहातांत वळा. पेन्सिलीपेक्षा बारीक वळी न तुटता झाली, तर ट्रॅक्टर बांधावरच राहू द्या. वळताना भुगा झाला, तर वाफसा आहे, म्हणजे ओल मशागतीजोगी झाली आहे. ओल्या मातीवरून चाक गेले की मोठ्या पोकळ्या दबतात, आणि पाणी मुरते, मुळांना हवा मिळते ती त्याच पोकळ्यांतून. सर्वांत जास्त नुकसान पहिल्याच फेरीत होते. रोटाव्हेटरची पाती तर खालची ओली माती गिलाव्यासारखी सारवून टाकतात. वरून शेत भुसभुशीत दिसते म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. एका शेतात पिवळ्या पडलेल्या सूर्यफुलाचे झाड मी उपटले, तर सोटमूळ वीतभर खाली जाऊन काटकोनात वळलेले. मालक तोवर खतावर खत घालत होते! चार दिवसांचा उशीर बहुधा भरून निघतो, दबलेला खालचा थर सुटायला वर्षे लागतात. खोलवरचा कडक थर फोडणारा सबसॉयलरही खालची माती कोरडी असतानाच चालतो, ओलीत तो नुसती चीर पाडतो. तो भाड्याने आणण्याआधी मृदातज्ज्ञाला खड्डा दाखवा.

विक्रेता म्हणतो, त्याचे द्रावण एकदा फवारले की कडक जमीन मोकळी होते. शेजाऱ्यानेही घेतले आहे.

शेजाऱ्याने घेतले, हा पुरावा होत नाही. त्याने एक पट्टा न फवारता सोडला होता का, ते विचारा. जिप्समही असेच सरसकट गळ्यात मारतात. ते सोडियम वाढलेल्या चोपण जमिनीसाठी आहे, तेही निचरा असेल तर. माती परीक्षणाचा अहवाल हाती नसताना पैसे देऊ नका, आणि मात्रा प्रयोगशाळेकडूनच ठरवून घ्या.

मातीचा नमुना कुठून घ्यावा?

खत घालण्याआधी, शेतात नागमोडी चालत. बांध, उकिरडा आणि झाडाखालची जागा टाळून.

शून्य मशागतीच्या, म्हणजे न नांगरता पेरण्याच्या, पहिल्याच हंगामात तण माजले, उत्पादन घटले. पुन्हा नांगरू का?

मागच्या पिकाचे अवशेष शेतात ठेवले होते का, हे तुम्ही कळवलेलेच नाही. ते जाळले किंवा उचलून नेले असतील, तर तुम्ही फक्त नांगरट बंद केली आहे. आच्छादन आणि पिकांची फेरपालट नसेल तर ही पद्धत लंगडी पडते. सुरुवातीच्या वर्षांत तण त्रास देते, हे मात्र खरे. पाणी साचत असेल तर आधी निचऱ्याचे पाहा. नांगर काढण्यापूर्वी कृषी सल्लागाराला शेतावर बोलवा, फोटोवरून हे ठरत नाही.