डबा घरी करा, अडॅप्टर मात्र चांगला घ्या

प्रश्न : माझा जुना लॅपटॉप बंद पडला, पण त्यातली ५०० जीबीची हार्ड डिस्क चांगली आहे. डेस्कटॉपमधली १ टीबीची मोठी डिस्कही पडून आहे. कमी खर्चात दोन्ही यूएसबीने वापरता येतील का? केस म्हणून बिस्किटांचा पत्र्याचा डबा चालेल का?

उत्तर : दोन्ही वापरता येतील आणि पत्र्याचा डबाही चालेल. पैसे वाचवायचे ते डब्यात वाचवा, अडॅप्टरमध्ये नको.

लॅपटॉपच्या २.५ इंची डिस्कला फक्त ५ व्होल्ट लागतात. ते यूएसबीतूनच मिळतात, त्यामुळे सॅटा (डिस्कवरचा जोडणीचा सॉकेट) ते यूएसबी ३.० अशी एक केबल पुरते. तयार प्लास्टिक केस तेवढ्यातच मिळत असेल तर सरळ तीच घ्या. मेहनत मोठ्या डिस्कसाठी राखून ठेवा, कारण त्या ३.५ इंची डिस्कला १२ व्होल्टही लागतात आणि ते साध्या यूएसबी पोर्टमधून येत नाहीत. तिच्यासाठी १२ व्होल्ट, २ अँपिअरचा पॉवर अडॅप्टर सोबत असलेलाच सॅटा ते यूएसबी संच घ्या.

छोटी डिस्क जोडल्यावर नुसती टिकटिक करत राहिली आणि कॉम्प्युटरवर दिसली नाही, तरी ती गेली असं लगेच समजू नका. यूएसबी २.० चा पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतो, ३.० चा ९००. आणि फिरायला सुरुवात करताना काही डिस्क १ अँपिअरच्या आसपास ओढतात. केबल आखूड घ्या, डेस्कटॉपला मागच्या बाजूच्या पोर्टमध्ये लावून बघा.

आता डबा. डिस्कच्या खालच्या बाजूला सर्किट बोर्ड उघडा असतो. तो पत्र्याला टेकला की शॉर्ट झालाच म्हणून समजा. डिस्क तळावर ठेवू नका. बाजूच्या स्क्रूच्या छिद्रांतून आधार द्या आणि मध्ये रबरी वॉशर घाला, म्हणजे थरथर डब्यात उतरत नाही. छोट्या डिस्कला एम-३ स्क्रू लागतात, मोठीचे आटे वेगळे असतात. स्क्रू जबरदस्तीने पिळू नका, लांब स्क्रू तर नकोच. डिस्कवर एक बारीक छिद्र दिसेल आणि शेजारी ‘झाकू नका’ अशी सूचना असेल. ते हवेसाठी आहे, त्यावर टेप किंवा ग्लू गनचा गोंद जाता कामा नये.

डब्याला समोरासमोरच्या दोन बाजूंना भोकं पाडा, पण ती डिस्क आत बसवण्याआधी. पत्र्याचा कीस बोर्डवर पडायला नको. बहुतेक डिस्क ६० अंश सेल्सिअसपर्यंत चालतात, तरी मी ५० च्या वर जाऊ देत नाही. मोठी फाइल कॉपी करताना ‘स्मार्ट’ (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) दाखवणाऱ्या एखाद्या प्रोग्रॅममध्ये तापमान बघा. तिथेच ‘रीअलोकेटेड सेक्टर्स’चा, म्हणजे खराब झाल्यामुळे डिस्कने बदललेल्या जागांचा, आकडाही दिसतो. तो वाढत असेल तर त्या डिस्कसाठी डबा करत बसू नका, आधी आतलं सगळं दुसरीकडे उतरवून घ्या.

सर्वात नाजूक जागा म्हणजे सॅटाचं प्लास्टिकचं टोक. केबलला हिसका बसला की तेच तुटतं. केबल जिथून बाहेर येते तिथे पत्र्याच्या कडेला रबरी रिंग बसवा आणि आतल्या बाजूने केबल टाय आवळा, म्हणजे ओढ डब्यावर येईल, डिस्कवर नाही.

पहिल्यांदा जोडताना विंडोजने ‘इनिशिअलाइज’ किंवा ‘फॉरमॅट’ करायचं का विचारलं आणि डिस्कवर जुने फोटो असतील, तर ‘कॅन्सल’ करा. केबल किंवा अडॅप्टर बदलून पुन्हा बघा.