"पाणी प्यायचं की नाही, ते सांग"

प्रश्न: ताई, मी इंदूरला पीएचडी करतेय, आसपासच्या गावांतल्या बोरिंगच्या पाण्यात नायट्रेट, म्हणजे खतातून, सांडपाण्यातून मुरणारा क्षार, किती आहे त्यावर. गणपतीत कॉलनीतल्या मराठी मंडळानं बोलायला बोलावलं, मी पंचवीस स्लाइड्स दाखवल्या, ग्राफ, टेबलं सगळं, आणि शेवटी एका काकूंनी विचारलं, "अगं पण पाणी प्यायचं की नाही?" मी म्हटलं अजून संशोधन व्हायला हवं. लोक आरतीला उठले. वरून एका पेपरात छापून आलं की इंदूरचं पाणी विषारी, जे मी बोललेच नव्हते! आता परत बोलावलंय, काय करू?
– एक वाचक, इंदूर

उत्तर: अगं, त्या काकूंचा प्रश्न फार मोलाचा आहे, ह्या वेळी सुरुवातच त्याच्यापासून कर.

नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम, हे तुला पाठ आहे पण समोरच्याला मिलिग्रॅम डोळ्यापुढे येत नाही ना. तांदळाचा दाणा साधारण २०-२५ मिलिग्रॅमचा असतो, तर एक लिटरची बाटली टेबलावर ठेव, शेजारी दोन दाणे ठेव आणि म्हण, एवढं चालतं, ह्यावर नको. आणि आपल्याकडे पाण्याची शंका आली की पातेलं गॅसवर चढतं, तर स्पष्ट सांग की उकळल्यानं जंतू मरतात, नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटतं आणि तेवढंच नायट्रेट कमी पाण्यात उरतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला मर्यादेपेक्षा जास्त नायट्रेटच्या पाण्यात पावडरचं दूध कालवून दिलं तर त्याच्या रक्ताची ऑक्सिजन वाहायची ताकद कमी होते, बाळ निळं पडू शकतं. ज्या घरात तान्हं बाळ आहे तिथे ही एक गोष्ट पोचली तरी तुझं बोलणं कामी आलं.

"संशोधन व्हायला हवं" हे खरंच आहे, पण ते एकटं सोडलं की लोकांच्या हातात काहीच पडत नाही. म्हणून एका दमात सांग की मी बोरिंगचं पाणी तपासलंय, नर्मदेच्या नळाचं नाही, अमुक महिन्यातलं आहे, पावसानंतर आकडा बदलू शकतो, तर आपल्या बोरिंगचा नमुना लॅबमध्ये तपासून घ्या आणि तोवर बाळाला हे पाणी देऊ नका.

गावात बोलशील तेव्हा युरियावरून शेतकऱ्यांना बोल लावू नकोस हं. नायट्रेट सेप्टिक टँकमधून, गोठ्यातूनही मुरतं. उलट त्यांनाच विचार, गव्हाला युरिया किती टाकता, पाण्याच्या आधी की नंतर, कारण ही माहिती त्यांच्याकडे आहे, तुझ्या बाटल्यांत नाही.

पेपरवाल्यांना फोनवर सांगू नकोस, चार ओळी लिहून व्हॉट्सॲप कर, आणि "हे नळाच्या पाण्याबद्दल नाही" हे दुसऱ्याच ओळीत टाक, शेवटच्या ओळी आधी कापल्या जातात. तरी चुकीचं छापलं तर त्याच दिवशी शांतपणे दुरुस्ती माग.

जयंत नारळीकर सही मागणाऱ्या मुलांना पोस्टकार्डावर प्रश्न पाठवायला सांगायचे, उत्तराबरोबर सही जायची. मला ही पद्धत फार आवडते. तूही आठ दिवस आधी मंडळाच्या ग्रुपवर प्रश्न मागव, स्लाइड्स त्यानंतरच कर, पाच पुरेत, आणि वेळ आरतीनंतरची माग.