डार्विन 'रोबेस्पिएर' की 'बाल्झाक'?

प्रश्न : माझी मुलगी सध्या सोशिऑनिक्सबद्दल, म्हणजे माणसांचे स्वभाव सोळा प्रकारांत मांडणाऱ्या पद्धतीबद्दल, पुष्कळ वाचते. तिच्या मते घरात बसून सिद्धांत घोळवणारा चार्ल्स डार्विन अंतर्मुख होता, म्हणून त्याचा प्रकार 'रोबेस्पिएर'. मला ते पटत नाही, पण का पटत नाही ते सांगता येत नाही. – एक वाचक, सांगली

उत्तर : तुमच्या लेकीचं अर्धं बरोबर आहे.

सोशिऑनिक्सची मांडणी लिथुआनियाच्या ऑशरा ऑगुस्टिनाविच्यूटे यांनी १९७०च्या दशकात केली. त्यातल्या सोळा प्रकारांना त्या परंपरेत प्रसिद्ध माणसांची नावं मिळाली. पाया मानसशास्त्रज्ञ कार्ल युंगचा. आणि युंगने १९२१ साली बहिर्मुख विचाराचा नमुना म्हणून डार्विनचंच नाव घेतलं, अंतर्मुख विचारासाठी तत्त्वज्ञ कांटचं! बहिर्मुख म्हणजे चारचौघांत रमणारा, असा त्याचा अर्थ नव्हता. विचार बाहेरच्या वस्तूवर उभा आहे की आतल्या कल्पनेवर, एवढंच तो बघत होता.

मी तीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं, त्यामुळे मला डार्विन दिसतो तो गांडुळांपाशी. गांडुळांना ऐकू येतं का, हे त्याला बघायचं होतं. कुंड्या घरात आणल्या, शिट्टी वाजवली, मुलाला बासून हे वाद्य वाजवायला लावलं. गांडुळं ढिम्म. मग कुंड्या थेट पियानोवर ठेवून एक सूर वाजवला, तशी ती सर्रकन बिळात गेली. म्हणजे आवाज नाही, कंप कळतो. एकदा आमच्या वर्गातल्या एका मुलाने घरून बाजाची पेटी आणली आणि आम्ही संध्याकाळी तिच्यावर कुंडी ठेवली. दोन सूर वाया गेले, तिसऱ्याला एक गांडूळ आत शिरलं. पोरं ओरडली तेव्हा उरलेली मात्र हललीही नाहीत. तो क्षण मी विसरलेलो नाही. उत्तर मनात न घोळवता वस्तूलाच विचारायचं, हा बहिर्मुख तर्क. 'रोबेस्पिएर'चा तर्क आतली चौकट आधी बांधतो, डार्विनचा तसा नव्हता.

मग उरतो प्रश्न अंतर्मुखतेचा. १८४२पासून तो केंटमधल्या डाऊन गावी राहिला. तब्येत सदा नरम, चार लोक जमले की त्रास वाढायचा. त्याच वर्षी त्याने घराजवळच्या शेतात खडूचे तुकडे पसरले आणि गांडुळांची माती त्यांना किती खाली नेते हे पाहायला २९ वर्षं थांबला! १८७१मध्ये चर खणला, तर खडूचा पांढरा थर सात इंच खाली गेलेला. काळाची अशी जाण असणारा, आणि हातात मात्र मोजपट्टी घेतलेला माणूस सोशिऑनिक्सच्या भाषेत 'बाल्झाक' ठरतो. अंतर्ज्ञान आधी, आणि ते अंतर्मुख. तर्क त्यामागून, आणि तो बहिर्मुख. लेकीची अंतर्मुखता आणि तुमची शंका, दोन्हींना यात जागा आहे.

सोशिऑनिक्सच्या प्रकारांना प्रयोगांचा भक्कम आधार नाही, हेही तिला सांगा. माणसाकडे निरखून पाहायला लावतात, म्हणून मला ते आवडतात.

आणि डार्विनची एक सवय तिला लावा. आपल्या मताविरुद्धची गोष्ट दिसली की तो लगेच टिपून ठेवायचा, कारण अशाच गोष्टी लवकर विसरतात असा त्याचा अनुभव होता. माझ्या 'बाल्झाक'विरुद्ध मी पहिली नोंद केली आहे ती डार्विनच्या लेकीची. या प्रकाराला भावना उघड करणं जमत नाही म्हणतात. पण १८५१मध्ये दहा वर्षांची ॲनी गेली, त्यानंतर आठवड्याभरात डार्विनने तिच्याबद्दल लिहून काढलं : घराजवळच्या सँडवॉक नावाच्या फिरायच्या वाटेवर ती कशी गिरक्या घेत पुढे जायची, आणि अर्धा अर्धा तास कशी बापाचे केस विंचरत बसायची.